तापासुराचं तोंड

परवा माझ्या भाच्याने कुठल्याशा जुन्या बाजारातून एक बाहुला आणला आणि मोठ्या कौतुकाने माझ्या पुढ्यात ठेवला. हिरवा झगा, लोखंडी पट्टी बांधलेला लंगडा पाय, मधोमध फाटलेली डावी भुवई. तापासूर. म्हणे, आत्या, लहानपणी आम्ही ह्याच्यासाठी मारामाऱ्या करायचो, तो गोरागोमटा वीर गगनसेन कोणालाच नको असायचा. मी म्हटलं, उचल ते ध्यान आणि चालता हो. पोरगा भांबावला. त्याचा काय दोष! त्याला माहीतच नाही की ते तोंड कोणाचं आहे. कोणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच माझं डोकं फिरतं.

ते तोंड सत्तार खरादीचं. आता सगळं सांगतेच, एकदाचं.

मी तापीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. शिकले, आणि नंदुरबारला मुलींच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून लागले. साल अठ्ठावन्न. खोली घेतली ती खराद्यांच्या गल्लीत. समोरच सत्तारभाईंचं दुकान. खराद, म्हणजे लाकूड कातायचं चाक, फिरवून पाळण्याचे पाये, लाटणी, भोवरे करायचे, आणि सारंगखेड्याच्या जत्रेसाठी लाकडी घोडे. जत्रेत खरे घोडे घ्यायला श्रीमंत यायचे, पोरं मात्र सत्तारभाईंच्या घोड्यांपाशी रडून गोंधळ घालायची. माणूस मोठा फटकळ. एकदा नुकतंच लग्न झालेला एक जण पाळण्याचा भाव करत तासभर बसला, तर हे म्हणाले, आधी घरी जा, पोर होऊ दे, मग ये, तोवर लाकूडही वाळेल. तो जो गेला तो वर्षभराने पेढे घेऊनच आला.

आणि एक खोड होती त्यांची. बाहुल्याचं तोंड ते सगळ्यात शेवटी कोरायचे. हात, पाय, पगडी, सगळं झालं, लाखेचा रंगही चढला, तरी ओठांची जागा कोरी. आधी विचारायचे, हा बोलतो काय? राजा असला तर हुकूम देतोय की जेवायला मागतोय? बोलणं कळलं की स्वतः ते दोन-तीनदा म्हणून पाहायचे, आपल्याच ओठांना बोट लावून, आणि मग पटाशी चालवायचे. मी हसायचे. ते म्हणायचे, बाई, मुक्या माणसाचं तोंडसुद्धा काहीतरी म्हणत असतं, नुसती चीर पाडली तर ती जखम दिसते.

घरात ते आणि त्यांची मुलगी रशिदा, दोघंच. बायको शकीला त्रेपन्न सालीच गेली होती. जत्रेला जाताना माणसांनी खच्चून भरलेली नाव तापीच्या डोहात उलटली. सत्तारभाईंचा पाय नाव आणि खडक यांच्यामध्ये चिरडला, भुवई फाटली. चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात तीन महिने पडून होते, तेव्हा कुठे पाय राहिला, तोही लंगडा. रशिदा त्या वेळी सहा महिन्यांची. ती नवापूरला आत्याकडे होती म्हणून वाचली, असं गल्लीतली सगळी सांगायची, कारण सत्तारभाई तसंच सांगायचे.

दरवर्षी जत्रेत दुकान मांडण्याआधी ते एकटे काठावर जाऊन उभे राहायचे. पाण्याकडे बघत एकच वाक्य म्हणायचे, "तुले सोडस नही." मग परत येऊन घोडे मांडायला लागायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. जत्रेला येणाऱ्या पोरासोरांनीही पाहिलेलं.

आता आमच्याकडे हे 'सोडस नही' दोन्हीकडून लागतं. भांडणात म्हणा, तर गळा धरल्यासारखं. आजारी लेकराच्या उशाशी बसून म्हणा, तर तुला टाकून कुठे जात नाही, असं. ऐकणाऱ्याला कान हवेत, बस्स.

एकसष्ट सालच्या जत्रेत पुण्याचा एक चित्रकार आला. गळ्यात झोळी, हातात वही. घोडे काढायला आला होता म्हणे. तीन दिवस सत्तारभाईंच्या दुकानात ठाण मांडून बसला. त्यांच्या थाळीत जेवला, त्यांच्या घोंगडीवर झोपला. सत्तारभाईंना वाटलं, केवढा शिकलेला माणूस, आणि आपली विचारपूस करतो! जे गल्लीत कोणाला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगून बसले. नाव कशी उलटली, शकीलाचा हात कसा हातात होता, पाणी कसं ओढत होतं. काठावर नेऊन जागासुद्धा दाखवली. तो माना डोलवत होता आणि वहीत रेघोट्या मारत होता. जाताना म्हणाला, सत्तारभाई, तुमचा चेहरा विसरणार नाही. नाही विसरला मेला.

दोन वर्षांनी, त्रेसष्टात, ते चित्रकथेचं पुस्तक निघालं. एकामागून एक भाग यायचे. वीर गगनसेन हा नायक, छातीवर सूर्य काढलेला, आकाशातून उडणारा, आणि शुद्ध पुणेरी बोलणारा. 'हे दुष्टा, थांब!' वगैरे. आणि खलनायक तापासूर. नदीच्या तळाशी राहणारा, यंत्राने पूर आणणारा, नावा ओढून बुडवणारा. लंगडा. भुवई फाटलेली. दाढी तीच, नाक तेच. टोपी तेवढी काढली होती, एवढीच काय ती मेहरबानी. आणि हा तापासूर बोलायचा काय? आमची अहिराणी! बाकी सगळं जग शुद्ध बोलतं, राक्षस तेवढा 'मन्हा, तुन्हा' करतो. पहिल्याच भागात तो पाण्यातून वर येतो, नावेतल्या एका बाईचा हात धरतो, तिला खाली ओढतो आणि गरजतो, 'तुले सोडस नही!'

म्हणजे आमच्या आया ज्या बोलीत आम्हाला जेवायला हाका मारायच्या ती राक्षसाची बोली. वा रे वा!

पण थांबा, दुसऱ्याकडे बोट दाखवताना माझंही सांगते. पुस्तक आमच्या शाळेत आलं तेव्हा मी ते चेहऱ्याने ओळखलं नाही. झगा, शिंगं आणि हिरवं तोंड यांच्याखाली रोज समोर दिसणारा माणूस मला दिसला नाही. बोलीचाही राग आला नाही, उलट सोयच झाली. वर्गात मुली 'आहे'च्या जागी 'शे' म्हणायच्या, मी छडी मारून थकले होते. एक दिवस एकीला म्हटलं, अशी बोलू नकोस, तापासूर होशील. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून छडीची गरजच उरली नाही. हे मी केलं, शिकलेल्या बाईने, जिची स्वतःची आई जन्मात 'आहे' म्हणाली नाही.

आणि दुसरं ह्याहून वाईट. देवीची लस टोचायला माणसं यायची तेव्हा मुली घरचं ऐकून पळून जायच्या. म्हणून मी वर्गात पाठच करून घेतलं होतं: ऐकलेलं खोटं असू शकतं, छापलेलं खरं असतं. रोज सकाळी, प्रार्थनेनंतर. रशिदा माझ्याच वर्गात, पहिल्या ओळीत. सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणायची.

मला जे दिसलं नाही ते पोरींना पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पाय, भुवई, आणि जत्रेतलं ते वाक्य. त्यांनी रशिदाचं नाव ठेवलं, तापासुराची पोर. ती घरी काही बोलली नाही, मलाही काही बोलली नाही. नुसतं ते पुस्तक दप्तरात ठेवून फिरायची.

अशात रतिलाल आला. त्याचं बाजारात खेळण्यांचं दुकान. पुण्याहून मागणी होती, गगनसेन आणि तापासूर यांचे लाकडी बाहुले हवेत, एक-एक नमुना आधी पाठवा. रतिलालने काम दिलं कोणाला? अख्ख्या गावात चांगला खरादी एकच. सत्तारभाईंना वाचता येत नव्हतं, पण रतिलालने ठेवलेल्या पुस्तकातलं चित्र बघून ते खूश झाले. म्हणाले, हा गडी बरा आहे, आपल्यासारखाच लंगडा! चित्रात लंगडा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. आपल्याच पायाकडे बघून त्या बाहुल्याचा पाय त्यांनी इतका मन लावून घडवला की मी बघत राहिले. माणसाला आपलं तोंड कुठे ओळखू येतं? आरशात दाढी कातरताना केस दिसतात, माणूस दिसत नाही.

मग तोंडाची वेळ आली. रविवार होता, सकाळची उन्हं दुकानात आली होती. मला हाक मारली, म्हणाले, बाई, हा बोलतो काय ते वाचून दाखवा. मी वर्गात कविता म्हणतात तशा ठसक्यात उभी राहिले. पुस्तक उघडलं, आणि चांगलं गर्जून वाचलं, "तुले सोडस नही!"

वाचताना माझ्याच कानावर ते पडलं, आणि दरवर्षी काठावर हेच म्हणणारा माणूस समोर बसलेला दिसला.

सत्तारभाईंनी पटाशी खाली ठेवली. पुन्हा वाचा म्हणाले. मी वाचलं, ह्या वेळी तोंडातल्या तोंडात. मग विचारलं, हे म्हणताना तो काय करतो? मी सांगितलं नसतं, पण चित्र समोरच होतं, नाव, बाई, धरलेला हात. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या भुवईवर ठेवलं. म्हणाले, हे काढणारा तो जत्रेतला माणूस. माझ्या थाळीत जेवला होता. आणि मग मला त्यांनी ती तीन दिवसांची हकिगत सांगितली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घरी खाल्लं त्या घरच्या माणसाचं दुःख चोरून राक्षसाच्या तोंडात घालतो, हा कुठला चित्रकार!

तेवढ्यात दारात रशिदा दिसली. जेवायला बोलवायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. बापाशी ती जन्मभर अहिराणीत बोलली, त्या दिवशी मात्र शाळेत बोलते तसं बोलली. एकेक शब्द माझ्याकडून शिकलेला, व्याकरणाची एक चूक नाही.

"अब्बा, आपण अम्मीला बुडवलंत का?"

सत्तारभाईंचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं आता ओरडतील, एक कानाखाली देतील, निदान 'नाही' तरी म्हणतील. ते काहीच बोलले नाहीत. मी मध्येच ओरडले, अगं वेडे, ही गोष्ट आहे, खोटी! तर माझ्याकडे बघून म्हणाली, बाई, छापलंय. आणि गेली.

संध्याकाळी तिने हट्ट धरला आणि दुसऱ्या दिवशी आत्याकडे नवापूरला निघून गेली. बापाच्या हातचं खाणार नाही म्हणाली.

आता बाहुला, बोली, पुण्याचा माणूस, सगळं एकीकडे. खरा प्रश्न एवढाच उरला होता, की ही पोर आपल्या बापाला बाप मानणार की आईचा खुनी. सत्तारभाईंना दुसरं कोणी नव्हतं. खराद बंद पडला.

मी पुण्याला पत्र लिहिलं. चांगलं झणझणीत. एका मुलीचं घर मोडलंय, पुढच्या भागात दोन ओळी छापा की हा चेहरा आणि हे शब्द एका भल्या माणसाचे आहेत आणि त्याने कोणाला बुडवलेलं नाही. छापलेलं ती मानते, म्हणून छापा. महिन्याने उत्तर आलं. सर्व पात्रे काल्पनिक आहेत. रांगड्या पात्रास रांगडी भाषा शोभते. बालवाचकांना तापासूर विशेष आवडला असून त्याचा नमुना अद्याप मिळालेला नाही, तो त्वरित पाठवण्याची व्यवस्था व्हावी. व्यवस्था व्हावी! चेहरा चोरला, वर तो त्याच्याच हातून कोरूनही हवा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

नमुना गेला नाही. रतिलालने दुसरीकडून करवून घेतले, साच्यातले, त्यातलाच एक माझ्या भाच्याने आणला असणार. पुस्तकं पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. त्या चित्रकाराचा कुठे सत्कारही झाला म्हणे. झाला असेल, मला त्याचं नवल नाही.

पण रशिदाचं काय करायचं? मी सत्तारभाईंना म्हटलं, सारंगखेड्याचा तो दगा नावाचा नावाडी त्या दिवशी नावेत होता ना? त्याला घेऊन नवापूरला जाऊ. त्याने पाहिलंय, तो सांगेल. सत्तारभाई ताडकन म्हणाले, दगाला मध्ये आणू नका. मी विचारलं, का? मी पुन्हा विचारलं, तेव्हा उठून आत गेले. आणि खरं सांगते, लाज वाटते सांगायला, त्या क्षणी माझ्याही मनात पाल चुकचुकली. हा माणूस 'नाही' का म्हणत नाही? साधं एक 'नाही'? पाच वर्षं समोर राहून, त्याच्या हातचा चहा पिऊन, मीही त्या पुस्तकाची झाले.

मग मी भांडले. दुकानाच्या दारात उभी राहून, गल्ली ऐकते आहे याची पर्वा न करता. म्हटलं, तुमच्या गप्प बसण्याने ती पोर आयुष्यभर तुम्हाला राक्षस म्हणणार आहे. तुमचं तोंड काय त्या पुण्याच्या माणसाला देऊन टाकलंत? त्याला सगळं सांगितलंत, पोटच्या पोरीला सांगायला काय झालं? ते बराच वेळ बाहुल्याच्या कोऱ्या तोंडाकडे बघत बसले. मग म्हणाले, बाई, त्याला सगळं नाही सांगितलं. आणि कोट चढवला.

दुपारच्या गाडीने आम्ही नवापूरला गेलो. आत्याचं अंगण, एक खाट, दोन शेळ्या. रशिदा बाहेर येईना. आत्याने दंडाला धरून आणली तेव्हा ती माझ्यामागे उभी राहिली, बापापासून लांब. सत्तारभाई खाटेवर बसले नाहीत. लंगड्या पायावर तसेच उभे राहिले आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"तू आठे नव्हती, बेटा. आत्याकडे नव्हती. नावमा व्हती."

मी आत्याकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. तिला माहीत होतं. दगा नावाड्याला माहीत होतं. दहा वर्षं सगळे गप्प बसले होते, ह्या माणसाने शपथ घातली म्हणून.

"एक हातमा ती व्हती, दुसरा हातमा तू व्हती. पाय खडकमा अडकना. दोन्हीसले धरीसन मी बुडी ऱ्हायंतू. तिनीच सांगं, पोरले धर." त्यांनी आपला डावा हात पाठीमागे नेला. "मी तिना हात सोडी दिधा. निसटना नही. मी सोडा."

मला वाटलं, हे देवा, हे ह्या पोरीला कशाला सांगायला लावलं मी! दहा वर्षं त्यांनी हेच तर झाकून ठेवलं होतं, की तिच्या जिवाची किंमत कोणी दिली हे तिला कधी कळू नये. तिने 'बुडवलंत का' विचारलं तेव्हा 'नाही' का निघालं नाही ते आता मला कळलं. आणि त्या मेल्याच्या पुस्तकाला पुसून टाकायला त्या माणसाला आपलं काळीज पोरीसमोर फाडून ठेवावं लागलं. ह्याची भरपाई कोण करणार? कोणत्या भागात छापणार?

रशिदा माझ्यामागून बाहेर आली. रडत नव्हती. बापासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने एकच विचारलं, घरच्या बोलीत.

"मी कोनता हातमा व्हती, अब्बा?"

सत्तारभाईंनी उजवा हात पुढे केला, पटाशीच्या घट्ट्यांचा. रशिदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी मागे लपवलेला डावा हात तिने ओढून पुढे आणला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.